हाय-एंड फोनो प्रीअँप घ्यायचाय? मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

रेकॉर्डचं खूळ डोक्यात शिरलेली माणसं हल्ली बरीच झालीत, आणि त्यातलं कुणी ना कुणी महिन्यातून एकदा तरी मला एखाद्या चकचकीत फोनो प्रीअँपचा, म्हणजे टर्नटेबल आणि अँपच्या मध्ये लागणाऱ्या डब्याचा, फोटो पाठवून ‘हा घेऊ का’ विचारतं. मी उलट विचारतो, कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते आणि जी सुईच्या हालचालीचा सिग्नल करते ती) कुठली लावलीये? तिथे निम्मे लोक गप्प होतात. म्हणून नेहमीचे प्रश्न एकदाच लिहून टाकतोय. हाय-एंड म्हणजे मी लाखाच्या आसपास आणि त्याच्या वर असं धरलंय, पण यातलं बरंचसं पंधरा-वीस हजारांच्या फोनोलाही तसंच लागू होतं.

फोनो नक्की करतो काय? आवाज मोठा करायला अँप आहेच की.

दोन कामं करतो. एक म्हणजे आवाज वाढवणं, कारण सीडी प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो आणि कार्ट्रिज देते जेमतेम काही मिलिव्होल्ट, एमसी जातीची असेल (खुलासा पुढे आहे) तर तेवढंही नाही. दुसरं काम लोक विसरतात. तबकडी कापतानाच खालचे सूर मुद्दाम दाबलेले असतात आणि वरचे उचललेले असतात, कारण खर्ज आहे तसा कापला तर खोबण इतकी हेलकावे खाईल की शेजारच्या खोबणीत घुसेल आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावणारच नाहीत. वाजवताना हे सगळं उलटं करावं लागतं. या उलट्या हिशोबाला आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) कर्व्ह म्हणतात, १९५४ मध्ये तो अमेरिकेत ठरला आणि हळूहळू सगळीकडे तोच झाला. १ किलोहर्ट्झच्या मानाने २० हर्ट्झला जवळपास २० डीबी (डेसिबल, इथे २० डीबी म्हणजे दहा पट) वर आणि २० किलोहर्ट्झला तेवढंच खाली. म्हणजे दोन टोकांत साधारण शंभर पटीचा फरक, आणि तो एका डब्यातल्या चार कपॅसिटर-रेझिस्टरनी दोन्ही चॅनलमध्ये अगदी सारखा पाळायचा. चांगल्या फोनोचे पैसे बऱ्यापैकी इथेच जातात.

माझ्या टर्नटेबलच्या मागे फोनो आणि लाइन असा स्विच आहे. तो कुठे ठेवायचा?

बाहेरचा फोनो लावलात तर ‘फोनो’वर. ‘लाइन’वर ठेवलात तर आतला स्वस्तातला फोनो चालू राहतो आणि त्याच्यापुढे तुमचा महागडा, मग आवाज बदाबदा फुगलेला आणि फाटलेला येतो. हसू नका, एकाने याच कारणासाठी नवा फोनो परत पाठवायचं ठरवलं होतं.

आजोबांच्या जुन्या पेटीवाल्या प्लेअरला चांगला फोनो लावला तर?

नाही. त्यात बहुधा क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असते, तिचा आउटपुट शेकड्यांनी मिलिव्होल्ट असतो आणि तिला हा कर्व्ह लागतच नाही. शिवाय त्या सुयांचं वजन बघता चांगल्या एलपी त्यावर न लावलेल्याच बऱ्या. प्लेअर शोकेसमध्ये छान दिसतो, तिथेच असू दे.

गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा तो, किती हवा? एकाने सांगितलं जितका जास्त तितका चांगला.

ज्याने सांगितलं त्याला म्हणावं घरी ये. हे बघा, एमएम कार्ट्रिज म्हणजे लोहचुंबक हलतं ती, ती साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट देते, तिला ४० डीबी म्हणजे शंभर पट गेन पुरतो. ऑर्टोफोन टू एम रेड ५.५ मिलिव्होल्टची, शंभर पट केले की अर्धा व्होल्ट, झालं काम. एमसी म्हणजे कॉइल हलते ती, बहुतेक ०.२ ते ०.५ मिलिव्होल्टच्या असतात, तिथे ६० ते ६६ डीबी लागतो, म्हणजे हजार ते दोन हजार पट. (हाय-आउटपुट एमसी म्हणून एक मधला प्रकार असतो, त्या चक्क एमएमच्या इनपुटला चालतात.)

कमी गेन घेतलात तर अँपचा नॉब घड्याळातल्या दोनच्या जागेपर्यंत फिरवावा लागतो आणि पुढच्या अँपची सगळी सूं वर येते. जास्त घेतलात तर जोरकस जागी फोनोच्या आतच आवाज कापला जातो, आणि हे वाईट, कारण ते ऐकून माणूस सुईला, रेकॉर्डला, गाणाऱ्यालासुद्धा दोष देतो, फोनोला नाही. कार्ट्रिज पुढेमागे बदलणार असाल तर दोन-तीन गेन निवडता येतील असाच फोनो घ्या.

एमएमला सगळीकडे ४७ किलोओम असतंच, मग लोडिंगची, म्हणजे कार्ट्रिजला पुढे काय जोडलेलं दिसतं त्याची, काळजी कशाला?

४७ किलोओम असतंच, पण कपॅसिटन्स (केबल आणि फोनो विजेचा बारीकसा साठा करतात तो, पिकोफॅरडमध्ये मोजतात) कोण बघणार? एमएमच्या आत तारेची भरपूर गुंडाळी असते, म्हणून तिचा इंडक्टन्स (गुंडाळीचा विजेतल्या बदलाला होणारा विरोध) मोठा, टू एम रेडचा ७०० मिलिहेन्री. तो इंडक्टन्स आणि केबल-फोनो मिळून जो कपॅसिटन्स होतो तो, यांचा एक रेझोनन्स (म्हणजे ठरावीक सुरांपाशी उगाच चढणारा आवाज) तयार होतो आणि तो ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच पडतो. एकूण २५० पिकोफॅरड असतील तर १२ किलोहर्ट्झच्या आसपास, ४५० झाले की ९ च्या आसपास, म्हणजे सरळ खाली उतरून ‘स’ आणि ‘श’ च्या शेजारी येऊन बसतो. भीमसेन जोशींच्या अभंगांची एलपी लावा, टाळ ऐका. नीट जमलेलं असेल तर टाळाला धातूचा ठोका आणि मग मागे लांबत जाणारी झणझण असं दोन्ही वेगळं कळतं, बिघडलेलं असेल तर नुसतं छस्स छस्स, आणि वर त्याच्याही पलीकडचं सगळं मावळलेलं.

ऑर्टोफोन या रेडला १५० ते ३०० पिकोफॅरड सांगते. टोनआर्मपासून (कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीपासून) फोनोपर्यंतची केबल मीटरला साधारण १०० पिकोफॅरड खाते, काही स्वस्त केबली त्याहून बऱ्याच जास्त, आणि फोनोच्या आत आधीच १००-२०० टाकलेले असतात. बेरीज करा. म्हणून मी एमएमवाल्यांना सांगतो की फोनोचा इनपुट कपॅसिटन्स कमी असू दे किंवा बदलता येऊ दे, आणि केबल मीटरभरच ठेवा, टर्नटेबल खिडकीत आणि अँप दारात असली कलाकुसर करू नका. स्पेसिफिकेशनमध्ये हा आकडाच दिला नसेल तर कंपनीला मेल टाका, लाखभर रुपये घेतायत तर एवढं उत्तर द्यायला हरकत नसावी.

आणि एमसीचं लोडिंग?

तिथे कपॅसिटन्सचं फारसं काही नाही कारण कॉइल चिमुकली असते, रेझोनन्स पार रेडिओच्या फ्रिक्वेन्सीत जातो. तिथे ओम बघायचे. कार्ट्रिजच्या स्वतःच्या इम्पीडन्सच्या (विजेला होणाऱ्या तिच्या आतल्या अडथळ्याच्या) दहा पट धरा आणि तिथून कानाने पुढेमागे करा, बस.

एक उदाहरण देतो, डेनॉन डीएल-१०३. जपानच्या एनएचके रेडिओसाठी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेली कार्ट्रिज, अजून बनते, अजून विकली जाते. आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट, इम्पीडन्स ४० ओम. पुष्कळ फोनोंमध्ये एमसीला १०० ओम एवढंच एक लोड ठोकून दिलेलं असतं. ४० ओमची कार्ट्रिज १०० वर लावली की सिग्नलचा बराच भाग कार्ट्रिजच्या आतच खाल्ला जातो, आधीच मूठभर असलेला सिग्नल जवळजवळ ३ डीबीने घटतो, आणि आवाजही जरा घोंगडी पांघरल्यासारखा होतो. तीच ४०० च्या आसपास लावा, खिडकी उघडल्यासारखं वाटतं. पॅरासाउंडचा जेसी ३ प्लस, जॉन कर्लचं डिझाइन, त्याला ५० ते ५५० ओमपर्यंत फिरवत जायचा नॉबच आहे, मला ही सोय फार आवडते कारण डब्याखाली चष्मा लावून डिप स्विचच्या बारीक खिट्ट्या हुडकाव्या लागत नाहीत. पण एक लक्षात ठेवा, लोड बदलला की आवाजाची पातळीही थोडी बदलते, आणि जरा मोठं वाजलं की सगळ्यांनाच ते जास्त छान वाटतं.

स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घ्यावा की सरळ एमसीवाला फोनो?

तुमच्याकडे आधीच एक झकास एमएम फोनो असेल, खास करून ट्यूबवाला (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा), तर ट्रान्सफॉर्मर. नाहीतर सरळ एमसीवाला. ट्रान्सफॉर्मर सिग्नल वाढवतो पण स्वतःची सूं घालत नाही, त्याला वीज लागत नाही. मात्र त्याचा रेशो (आतल्या दोन गुंडाळ्यांच्या वेढ्यांचं प्रमाण) जुळला पाहिजे. १:१० म्हणजे २० डीबी, आणि मागचे ४७ किलोओम रेशोच्या वर्गाने भागले जातात, म्हणजे कार्ट्रिजला ४७० ओम दिसतात. डीएल-१०३ ला हे अगदी फिट, ०.३ चे जवळपास ३ मिलिव्होल्ट होतात. हाच हिशोब १:३० वर करून बघा, ५२ ओम उरतात, ४० ओमवाल्या कार्ट्रिजचा गळाच आवळला. लोक ‘जास्त रेशो, जास्त आवाज’ म्हणून १:३० घेतात आणि मग वर्षभर खर्ज कुठे गेला म्हणून शोधत बसतात. आणि हो, ट्रान्सफॉर्मर हम (विजेची सततची गुणगुण) फार पटकन पकडतो, अँपच्या बाजूला ठेवू नका, हातात धरून फिरवून बघा, एका कोनात गुणगुण बंद होते, तिथेच ठेवा. थोडा तिरका दिसला तर दिसू दे.

ट्यूब की सॉलिड स्टेट (म्हणजे ट्रान्झिस्टरवाला)?

हा प्रश्न मी टाळतो कारण यावर मैत्र्या तुटल्यात. माझं मत विचाराल तर एमएमला ट्यूब मस्त, कमी आउटपुटच्या एमसीला नुसत्या ट्यूबने हजार पट गेन काढायचा म्हणजे सूं आलीच, म्हणून बहुतेक ट्यूबवाले आत ट्रान्सफॉर्मर किंवा ट्रान्झिस्टरची पहिली पायरी देतात. टिम डी पाराविचिनी या डिझायनरचा ईएआर ८३४पी, तीन ईसीसी८३ ट्यूबवाला, त्याच्या सर्किटच्या नकला आणि किट इतके निघालेत की मोजायला नको. गाणं त्यावर फार मायाळू वाटतं. पण ट्यूब जुन्या होतात, एखादी मायक्रोफोनिक निघते, म्हणजे बोटाने टिचकी मारली की स्पीकरमधून टण्ण ऐकू येतं, आणि चांगल्या, सूं कमी असलेल्या जोड्या मिळवायचा खर्च वेगळा. आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीत ट्यूबा तापवून बसायचं तर पंखा लागणार, पंखा लावला की त्याचा आवाज, असं ते चक्र. गोंगाट नको, सेटिंग जास्त हवीत आणि डोक्याला ताप नको तर सॉलिड स्टेट.

माझ्याकडे हम येतोय. फोनो खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. माझीच गोष्ट सांगतो. पेठेतलं जुनं घर, नवा फोनो आणला, सुई वर उचललेली आणि तरी स्पीकरमधून हुंऽऽ. टोनआर्मला बोट लावलं की कमी, काढलं की परत. टर्नटेबलची बारीक अर्थची वायर फोनोच्या स्क्रूला लावलेली होती, घट्ट होती. केबल बदलल्या. राउटर दुसऱ्या खोलीत नेला. फोनो परत बॉक्समध्ये भरला, थर्माकोलसकट. मग सहज टेस्टर घेऊन अँपच्या मागच्या स्क्रूला टेकवला तर आतला निऑन मंद पेटला, म्हणजे तीन पिनचं सॉकेट नुसतं दिसायला तीन पिनचं, वरच्या भोकामागे वायरच नाही. इलेक्ट्रिशियनने अर्थिंग ओढून दिलं, निम्मा हम गेला. उरलेला निम्मा केबल टीव्हीने येत होता, टीव्हीची ऑडिओ वायर अँपला लावलेली आणि टीव्हीला मागून केबलवाल्याची जाड वायर, ती कुठल्या तरी गच्चीवर भलतीकडे अर्थ झालेली. ती वायर सेट-टॉप बॉक्समधून उपटली आणि एकदम अशी शांतता झाली की मला वाटलं अँपच बंद पडला.

तेव्हा क्रम असा धरा. आधी फोनोला फक्त टर्नटेबल, अँपला फक्त फोनो, बाकी सगळं काढा. हम गेला तर एकेक वस्तू परत जोडत चला, चोर सापडतो. फोनो अँपच्या डोक्यावर ठेवला असेल तर दोन-अडीच फूट लांब न्या, ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र तिथे असतं. हम खोल, गुळगुळीत असेल तर ५० हर्ट्झ, म्हणजे अर्थ किंवा ट्रान्सफॉर्मर. कर्कश, भुंग्यासारखा असेल तर १०० हर्ट्झ आणि त्याच्या वरचं काहीतरी, तिथे पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडीचे डिमर, इन्व्हर्टर यांच्यावर संशय घ्या. रेगाची टर्नटेबल असेल तर वेगळी अर्थची वायर शोधू नका, ती नसतेच, सिग्नलच्या केबलमधूनच अर्थ होते. आणि हम जातो म्हणून प्लगची अर्थची पिन कापायची नाही म्हणजे नाही, इंटरनेटवर कुणी कितीही सांगो.

महाग फोनोने रेकॉर्डची खरखर कमी होते का?

कमी होत नाही, पण कमी बोचते, आणि याला कारण आहे. धुळीचा कण किंवा ओरखडा सुईखाली आला की एक प्रचंड टोकदार धक्का निघतो, संगीतापेक्षा कितीतरी मोठा. फोनोत तेवढी वरची जागा नसेल तर तो तिथे ठेचला जातो, फोनो सावरायला क्षणभर घेतो आणि ‘टिक्’ चं ‘टॅक्क’ होतं. जागा असेल तर टिक् येते आणि जाते, गाणं मागे अखंड राहतं. यालाच ओव्हरलोड मार्जिन म्हणतात, स्पेसिफिकेशनमध्ये आवर्जून बघा. जुन्या बाजारातून आणलेल्या, कधीकाळी जड सुयांनी नांगरलेल्या नाट्यसंगीताच्या एलपी ज्यांच्याकडे ढिगाने आहेत त्यांना या एका गोष्टीचा जितका फायदा होतो तितका दुसऱ्या कशाचा होत नाही. त्याआधी रेकॉर्ड धुवा मात्र.

सबसॉनिक फिल्टर, म्हणजे ऐकू न येणारा खोल खर्ज गाळणारा, लागतोच का?

वूफरचा पडदा गाणं नसतानाही आतबाहेर डुलताना दिसत असेल तर लागतो. वाकलेली रेकॉर्ड काही हर्ट्झचा हेलकावा देते, कानाला ऐकू येत नाही पण अँपची ताकद फुकट खाते. स्विचने चालू-बंद होणारा असेल तर उत्तम.

दुकानात ऐकताना नक्की काय ऐकू?

पहिलं, काहीच वाजवू नका. सुई वर, नॉब तुम्ही नेहमी ऐकता तिथे, कान ट्विटरपाशी (स्पीकरमधल्या वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या भागापाशी) न्या. काय येतंय ते ऐका. मग खुर्चीत बसून तेच. खुर्चीत सूं ऐकू येत असेल तर तुमच्या कार्ट्रिजला तो फोनो नको, मग नाव कुठलंही असो. मग एखादी ख्यालाची एलपी, स्वर लागायच्या आधीचा नुसता तानपुरा. चार तारा वेगळ्या कळतात का, की एकच घुमणारी चादर? मग तबल्याचा डग्गा, घिस्सा मारला की सूर सरकत जातो तो सरकताना ऐकू येतो का, की नुसता धप्प. ढोल-ताशाच्या रेकॉर्डवर कुठलाही फोनो भारी वाटतो, त्याने फसू नका.

मला एका दुकानात (नाव नको) दोन फोनो लावून दाखवले, महागडा लगेच सरस वाटला, मी पाकिटाला हात घातला आणि मग लक्षात आलं की त्याचा गेन ५-६ डीबीने जास्त होता. पातळी सारखी करायला लावली, मग फरक उरला तो इतकासा. कार्ट्रिजही तुमची किंवा तुमच्यासारखीच हवी, त्यांच्या पाच लाखांच्या कार्ट्रिजवर ऐकून काय उपयोग.

एकूण बजेटमधले किती यात घालू?

आधी सुई. कुणी मला दीड लाखाचा फोनो दाखवतो आणि सुई किती तास झाली विचारलं तर वर बघतो. झिजलेली सुई, वाकडी बसवलेली कार्ट्रिज, अंदाजाने ठेवलेलं वजन, हे सगळं फोनो इमानदारीत वाढवून तुमच्यापुढे ठेवणार, शंभर पट नाहीतर हजार पट. कार्ट्रिज सरळ बसवायचा प्रोट्रॅक्टर आणि सुईचा वजनकाटा दोन-तीन हजारांत येतो. ते झाल्यावर माझा ढोबळ हिशोब असा की फोनो कार्ट्रिजच्या किमतीच्या आसपास ते दुप्पट, त्यापलीकडे नाही.

करंट-मोड, बॅलन्स्ड, ऑप्टिकल हे काय काय ऐकतोय मी?

थोडक्यात. करंट-मोडमध्ये (कार्ट्रिजच्या व्होल्टेजऐवजी करंट वाढवणाऱ्या फोनोत) लोडिंगची भानगडच नसते, पण कार्ट्रिजचा इम्पीडन्स फार कमी हवा, दहा ओमच्या आतबाहेर, डीएल-१०३ वाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये. बॅलन्स्ड (सिग्नलच्या दोन्ही तारा अर्थपासून वेगळ्या) चांगलं, कार्ट्रिज मुळात बॅलन्स्डच असते, लांब केबल असेल तर फायदा जास्त, पण टोनआर्मची वायरिंग तशी करून घ्यावी लागते. ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशावर चालणारी कार्ट्रिज, डीएस ऑडिओसारखी, तिला तिचाच खास इक्वलायझर लागतो, तुमचा नेहमीचा फोनो चालत नाही.

माझ्याकडे ७८ च्या तबकड्याही आहेत.

मग कर्व्ह बदलता येणारा फोनो बघा, कारण त्यातल्या बहुतेक या आरआयएएच्या आधीच्या काळातल्या, प्रत्येक कंपनीचा हिशोब वेगळा. पण त्याहून आधी वेगळी जाड सुई घ्या, एलपीची सुई तिथे खोबणीच्या तळाशी लोळते.

भाचा न्यू जर्सीहून येतोय, तिथून मागवू का? स्वस्त पडतं.

मागवा, पण मागचं लेबल वाचायला सांगा. अडॅप्टरवर चालणारा असेल आणि १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर प्रश्नच नाही. आत ट्रान्सफॉर्मर असलेला १२० व्होल्टचा असेल आणि तुम्ही इथे २३० ला घातलात तर धूर निघेल, वॉरंटी तर नाहीच. आत व्होल्टेज बदलायची सोय आहे का ते कंपनीलाच विचारा, नाहीतर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा आणि तो रॅकपासून लांब ठेवायचा, कारण तोच हम करतो. कस्टम्सचं भाच्याने बघावं. आणि फोनोबरोबर टर्नटेबलही आणणार असेल तर एसी मोटरवालं नको म्हणावं, तिथले विजेचे ६० हर्ट्झ, इथले ५०, मिनिटाला सव्वातेहतीस फेऱ्यांच्या जवळपास फिरायची ती तबकडी अठ्ठावीसच्याही खाली फिरेल आणि लताबाई तलत महमूद होतील.